सांगून दात काढणारे डॉक्टर

"दुखणार," हा आमच्या डॉक्टरांचा पहिला शब्द असायचा. पेशंटची पाठ खुर्चीला नीट टेकायच्या आत ते तो उच्चारून मोकळे व्हायचे. समोरच्याचा चेहरा उतरला की मग सावकाश पुढचं यायचं. "खरं किती दुखणार, कुठं दुखणार आणि कधी थांबणार, ते सगळं सांगतो. ऐकून घ्या. नको वाटलं तर उठून जावा. मी काय दार लावून घेतलेलं न्हाई." 'पण' म्हणायच्या जागी आमच्याकडं 'खरं' म्हणतात, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवते.

त्यांचा दवाखाना निपाणीत होता, एका तंबाखूच्या वखारीसमोर, वरच्या मजल्यावर. जिना चढेपर्यंत तंबाखूच्या उग्र खाटानं शिंका यायच्या आणि वर पोचलं की लवंगेच्या तेलाचा वास. मी तिथं सात वर्षं काम केलं. नावं लिहून घ्यायची, हत्यारं उकळून ठेवायची, कापसाचे बोळे करायचे आणि डॉक्टरांचं ऐकून घाबरून जिना उतरायला लागलेल्या पेशंटला अर्ध्या वाटेवरून परत आणायचं, ही माझी कामं. शेवटचं सगळ्यात जड होतं. एकदा तर एक पैलवान गडी खालच्या पानपट्टीपर्यंत पोचला होता. त्याला मी हाताला धरून वर आणला तेव्हा अख्खा बाजार बघत होता.

डॉक्टर मूळचे हिंडलग्याचे, शेतकऱ्याघरचे. भाऊ शेतात राहिले, हे शिकले. उंच, किडकिडीत, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. सांगायचं काम चालू असेपर्यंत हातमोजे घालायचे नाहीत, दोन्ही हात पँटच्या खिशात. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाले, "हातात काय तरी चकाकलं की माणसाचे कान बंद होतात. आधी कान, मग तोंड."

आणि मग ते सुरू व्हायचे. सात वर्षांत मी ते इतक्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा म्हणेन. "आधी हिरडीला औषध लावणार, ते कडू असतंय. मग सुई. दहा आकडे मोजेपर्यंत मुंगी चावल्यागत होणार. लाल मुंगी, काळी न्हवं. मग ओठ सुजल्यागत वाटणार. आरसा देतो, बघा, सुजलेला नसतोय. मग पकड लावणार. दाब येणार, लई दाब येणार. दाब म्हंजे दुखणं न्हवं. दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबणार. मग आवाज येणार, ऊस मोडल्यागत. तो तुमच्या डोक्यात मोठा वाटतोय, मला इथं ऐकू पण येत न्हाई. आवाज आला म्हणून काय मोडलं असं समजू नका."

ज्यांना हवी त्यांना ते पकड हातात धरायला द्यायचे. एका शेतकऱ्यानं ती दोन-चार वेळा उघडझाप करून बघितली, कानाजवळ नेली आणि म्हणाला, "डॉक्टर, हिला तेल पायजे." डॉक्टरांनी ती घेतली, स्वतःच्या कानाजवळ नेली आणि गंभीरपणे मान डोलावली. त्या दिवशी त्यांनी दुसरी पकड वापरली.

सुईचे दहा आकडे ते पेशंटच्या भाषेत मोजायचे. मराठी घरातला असला तर एक, दोन, तीन. चिक्कोडीकडचा कन्नड बोलणारा असला तर ओंदु, एरडु, मूरु. आमच्याकडच्या बहुतेकांना दोन्ही भाषा येतात, तरी डॉक्टर आधी विचारून घ्यायचे, "आकडे कुठल्या भाषेत पायजेत?" भाषेवरून चौकात आवाज चढवणारी माणसंसुद्धा तिथं एकदम शहाण्यासारखी उत्तर द्यायची. सुई समोर असली की माणूस फार सरळ होतो.

त्यांना एका वाक्याचा भयंकर राग होता. 'काय हुईत न्हाय.' पेशंटबरोबर आलेला मामा, काका, दीर, कोणी ना कोणी हे म्हणायचाच. "काय हुईत न्हाय रं, डोळं मिट आनि बस." हे कानावर पडलं की डॉक्टर खिशातला एक हात बाहेर काढून दाराकडं दाखवायचे. जिन्याच्या तोंडाशी एक बाक होता. त्याला ते धीर देणाऱ्यांचा बाक म्हणायचे. "तुम्ही तिथं बसा. दात ह्याचा जाणार हाय, तुमचा न्हवं. काय होतंय का न्हाई ते त्याला कळू दे." कितीतरी वजनदार माणसं मी त्या बाकावर तोंड पाडून बसलेली बघितली आहेत.

ही सांगायची सवय दवाखान्यापुरती असती तर एक वेळ ठीक होतं. फोनवर बोलता बोलता म्हणायचे, "आता मी फोन ठेवणार." न्हाव्याकडं खुर्चीत बसले की त्यालाच सांगायचे, "मानेला वस्तरा लावला की मी दचकणार, सावध राहा." त्यांची बायको शाळेत शिक्षिका होती, हसरी. ती एकदा मला म्हणाली, "बघायला आलते तेव्हा चहाचा कप खाली ठेवले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, मी घोरतो. आमच्या वडलांना काय बोलावं कळंना. मी आतूनच ठरवलं, हाच." आणि मग जरा थांबून, "घोरणं त्यांनी सांगितल्यापेक्षा जास्त निघालं, ही गोष्ट वेगळी."

त्यांच्या सांगण्याचा दुसरा भाग दात निघाल्यानंतरचा असायचा. तो वर्षागणिक लांबत गेला. दात काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गाठ बसते. ती गाठ म्हणजे बाटलीचं बूच. बूच निघालं की रक्त थांबत नाही, नाही तर तिसऱ्या दिवशी अशी कळ मारते की दात दुखत होता तो बरा म्हणायची पाळी. म्हणून थुंकायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही, नळीनं काही ओढून प्यायचं नाही, त्या दिवशी गरम चहा नाही. एवढं कुठलाही डॉक्टर सांगतो. आमच्या डॉक्टरांच्या यादीत मात्र एकेका कलमामागं एकेक माणूस उभा होता. लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारा एकजण दात काढून तसाच वरातीला गेला आणि दुसऱ्या दिवशी रक्तानं भरलेला रुमाल घेऊन आला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मी सांगितलो न्हाई." त्या दिवसापासून "पिपाणी, सनई, ट्रम्पेट वाजवायचं न्हाई" हे कलम सगळ्यांना लागू झालं. हायस्कूलच्या मुख्याध्यापिकाबाईंनासुद्धा त्यांनी ते सांगितलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं.

विड्या वळणाऱ्या एका बाईचं असंच. तिला बजावलं होतं, आठ दिवस तंबाखू नाही. तिसऱ्या दिवशी आली ती गाल धरून, खड्ड्यात मिश्री ठासून भरलेली. "तंबाखू नको म्हटलं न्हवं आक्का?" "तंबाखू कुटं लावली? मिश्री लावली. कळ थांबती म्हनत्यात." ती खरंच बोलत होती. तंबाखू जाळूनच मिश्री करतात, पण आमच्याकडच्या बायका मिश्रीला तंबाखूत धरत नाहीत. मला हसू आवरेना, पण डॉक्टर रागावले नाहीत. तिचा खड्डा धुऊन औषध भरलं आणि कागदावर लिहून ठेवलं, 'मिश्री. वेगळं सांगणे.' चूक पेशंटनं केली तरी ते ती आपल्याच खात्यावर घ्यायचे. मी सांगितलो न्हाई, एवढंच म्हणायचे.

आता आत्तींचं सांगते. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. माझं सासर बोरगावचं, जैन, शेतकरी घर. आत्तींचा चौविहार, म्हणजे सूर्य बुडाला की अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, औषधाची गोळीही नाही. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी हा नेम एक दिवस मोडला नव्हता. घरातलं घड्याळ बंद पडलं तरी चालायचं, आत्तींचं जेवण आटोपलं की संध्याकाळ झाली. बाई कडक. रक्ताचं मात्र त्यांना अतोनात वावडं. कोणाचं बोट कापलं तरी त्या उठून परसात जायच्या. मी दवाखान्यातून आले की अंघोळ केल्याशिवाय मला सैपाकघरात पाऊल टाकू देत नसत. मी त्यांना भीत होते, हे लपवून काय करू?

चार वर्षांपूर्वी भाद्रपदाच्या तोंडावर आत्तींची खालची दाढ सुजली. पुढं दशलक्षण पर्व आलं होतं. दहा दिवस त्या एकदाच जेवायच्या. लवंगा झाल्या, हळदीचा लेप झाला, गालाचा पार भोपळा झाला. "दात दुखतोय म्हनून पर्वात उपास सोडू व्हय मी?" असं म्हणत एक दिवस त्या आपण होऊन दवाखान्यात यायला तयार झाल्या. डॉक्टरांनी सूज उतरायच्या गोळ्या दिल्या, पाच दिवसांनी बोलावलं. मुद्दाम सकाळची वेळ ठेवली. "सुईचा गुण तीन तासांत जाणार. दुखणं दिवसाउजेडी झालं पायजे, म्हंजे गोळ्या घेता येतील. संध्याकाळी काढलं तर रात्रभर ह्यांनी काय करायचं?" दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला हे सुचलं नसतं.

आदल्या दिवशी मी डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, "त्यांना सगळं सांगा, खरं रक्ताचं तेवढं नको. ऐकलं तर त्या खुर्चीतून उठून जातील. परत येणार न्हाईत. पू वाढला तर काय करायचं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. "मग बोळ्याचं काय सांगू?"

"चावून धरा, एवढंच सांगा."

त्यांनी चष्मा दोरीवर सोडून दिला. मग म्हणाले, "तुमच्या घरातलं माणूस हाय. तुम्हाला जास्त कळतंय." आणि मी सुटकेचा श्वास सोडला. केवढी अक्कल माझी!

सकाळी आत्ती खुर्चीत बसल्या. डोक्यावरचा पदर जागच्या जागी, हात मांडीवर, प्रवचन ऐकायला बसावं तशा. डॉक्टर मुंगीपर्यंत आले आणि आत्तींनी हात वर केला. "मुंगीचं नाव कशाला काढता सकाळी सकाळी? बिचारी कुणाला चावायला येती? दुसरं काय तरी सांगा."

"बरं. काटा टोचल्यागत होणार."

"हां. काटा चालंल."

काटा झाला, दाब झाला, उसाचा आवाज झाला. आत्ती प्रत्येकाला मान हलवत होत्या. मग डॉक्टर म्हणाले, "दात निघाला की बोळा देणार. तो चावून धरायचा. पाऊण तास सोडायचा न्हाई. थुंकायचं न्हाई."

"का?" आत्तींनी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी कापसाच्या घड्या घालत होते, घालतच राहिले. माझ्यासमोर ज्या माणसानं एकाही 'का'ला उत्तर दिल्याशिवाय सोडलं नाही, तो माणूस म्हणाला, "बरं असतंय."

दाढ छान निघाली. आत्तींनी हूं की चूं केलं नाही. माझे मिस्टर त्यांना घेऊन वडापच्या जीपनं घरी गेले आणि मी कामाला लागले. पुढं काय झालं ते नंतर कळलं. जीप माणसं भरायची वाट बघत उभी होती. बोळा कशासाठी धरायचा हेच माहीत नसल्यामुळं आत्तींनी तो काढून बघितला. लाल! त्यांनी तो फेकला आणि थुंकल्या. थुंकीही लाल. ती गिळायची कशी? ज्या बाईनं जन्मात अंड्याला हात लावला नाही, तिनं रक्त गिळायचं? बोरगाव येईपर्यंत त्या खिडकीतून थुंकत गेल्या आणि घरी पोचल्यावर तांब्यावर तांब्या चुळा भरत बसल्या. जेवढं थुंकावं तेवढं बूच निघत होतं आणि जेवढं बूच निघत होतं तेवढं रक्त येत होतं.

दुपारी चारला मिस्टरांचा फोन आला. "सकाळपास्नं थुंकत्यात. थांबंना झालंय. अन्नाचा कण न्हाय, गोळी न्हाय. आता चक्कर येतीय म्हनत्यात. खरं बेळगावला न्यायचं म्हटलं तर उठंनात."

डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "गिळत न्हाईत?" मी मान हलवली. त्यांनी तिथंच दवाखाना बंद करायला घेतला. बाकावर तिघे पेशंट खोळंबले होते. त्या तिघांनाही त्यांनी सांगितलं, मी कुठं चाललोय, का चाललोय, कधी येणार, तोपर्यंत कुठल्या बाजूनं चावायचं. मी जिन्यात उभी राहून नुसती तडफडत होते. मग स्कूटरवरून आम्ही निघालो आणि बोरगावपर्यंत डॉक्टर मला सांगत होते, "आता खड्डा येणार. आता ब्रेक लावणार." मी काही ऐकत नव्हते. मला फक्त सूर्य दिसत होता. तो बुडायच्या आत रक्त थांबून गोळी पोटात गेली नाही, तर आत्ती सकाळपर्यंत तोंड उघडणार नव्हत्या. आणि हे सगळं माझ्यामुळं झालं होतं.

आत्ती सोप्यात पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात पितळी घंगाळ. ओठ पांढरे पडलेले. डॉक्टर जवळ जायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं.

"तुमी सगळं सांगता म्हनून आल्ये मी," त्या म्हणाल्या. बोलताना हनुवटीवरून लाल ओघळ आला, तो त्यांनी पदरानं पुसला. "काटा सांगितला. दाब सांगितला. आवाज सांगितला. ह्ये न्हाय सांगितलं. का न्हाय सांगितलं?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. आता डॉक्टर मागं वळून माझ्याकडं बघणार आणि या घरातलं माझं राहणं संपलं, असंच मला वाटलं. डॉक्टरांनी हात जोडले.

"माझी चूक, आक्का. मी सांगायचं विसरलो."

हे ते इतकं साधं म्हणाले की क्षणभर मलाही वाटलं, विसरलेच असतील. आत्ती त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आता सांगा."

आणि डॉक्टर जमिनीवर मांडी घालून बसले. माझ्याकडून त्यांनी फुलपात्रात पाणी मागितलं आणि चिमटीभर कुंकू. एक कण पाण्यात टाकला, ढवळलं, सगळं पाणी लाल. "बघा. कुंकू एवढंसं, लाल केवढं. तोंडातली लाळ अशी लाल दिसती. त्यात रक्त थेंबभर असतंय. सकाळी एवढंच होतं. दिवसभर थुंकून तुम्ही ते वाढवलं, कारण थुंकायचं का न्हाई ते मी सांगितलो न्हाई." मग बुचाची गोष्ट सांगितली. मग आता काय करणार ते. काटा दोनदा टोचणार, एक टाका घालणार, बोळा देणार.

"खरं गिळनार न्हाय मी," आत्ती म्हणाल्या. "जीव गेला तरी."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आक्का, आपलंच रक्त, त्यात कसलं पाप? डॉक्टर तसलं काही बोलले नाहीत. "नका गिळू," ते म्हणाले. "खरं थुंकू पण नका. मान खाली घाला, ओठ सैल सोडा. आपोआप वाहू दे. खाली फडकं धरू."

टाका झाला. बोळा चावून आत्ती बसल्या. पण ओठ सैल सोडायचे त्यांना जमेना. ज्या बाईचा पदर गल्लीतल्या कोणी डोक्यावरून ढळलेला बघितला नव्हता, तिनं चार माणसांत लाळ गाळायची! त्यांचे ओठ घट्ट मिटलेले आणि डोळ्यांत पाणी. तेव्हा डॉक्टरांनी खिशातून स्वतःचा रुमाल काढला, हनुवटीखाली धरला, मान खाली घातली आणि आपला ओठ सोडला. "अशं," ते म्हणाले, त्यांना नीट बोलता येत नव्हतं, आणि त्यांच्या लाळेची तार रुमालावर उतरली. माझे मिस्टर आ वासून बघत राहिले. पन्नाशीतला, शिकलेला, चष्मेवाला माणूस माझ्या सासरच्या सोप्यात तान्ह्या बाळासारखी लाळ गाळत बसला होता. आत्तींनी त्यांच्याकडं एकदा बघितलं, आणि ओठ सोडले.

ते दोघं तसे समोरासमोर किती वेळ बसले कोण जाणे. उसाच्या शेंड्यांवरून ऊन सरकत होतं आणि मी एकदा उन्हाकडं, एकदा फडक्याकडं बघत होते. फडक्यावरचा लाल रंग फिका होत गेला. डॉक्टरांनी बोळा काढून बघितला, मान डोलावली. "थांबलं. आता गोळी, दोन घोट थंड दूध. चूळ न्हाई." आत्तींनी ते घेतलं, हात जोडले, आणि थोड्या वेळानं दिवस मावळला. नेम राहिला. पर्वातले दहाही दिवस त्या एकदाच जेवल्या, मऊ भात आणि ताक.

अंगणात मी डॉक्टरांच्या मागोमाग गेले. म्हटलं, "तुम्ही तसं का सांगितलं? चूक माझी होती."

"तुम्हाला ह्या घरात राहायचं हाय," ते म्हणाले. "मला निपाणीला जायचं हाय. आता मी स्कूटर चालू करणार, मागं सरा."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीनं दवाखान्यात पोचले तर त्यांचा फोन, टाका बघून येतो म्हणून. दोन तासांनी आले आणि यादीत लिहिलं, 'रक्त. कधीही न गाळणे.' आम्ही दोघांनी तो विषय परत काढला नाही. आत्तींना मी सांगायला हवं होतं. रोज वाटायचं, आज सांगू. पण गेलेला दिवस बरा गेला की मोडायला जीव होत नाही, आणि मी पडले भित्री. घरी पाहुणे आले की आत्ती दाढेची गोष्ट रंगवून सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "मानूस लई चांगला. खरं जरा इसरभोळा." ज्या माणसाला प्रत्येक पेशंटची दाढ कुठली ते तोंडपाठ होतं, तो अख्ख्या बोरगावात विसरभोळा ठरला. मी तव्यावरची भाकरी उलटत राहायचे.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या उजव्या हाताला बारीक थरथर सुरू झाली. ती आधी मला दिसली, पण मी काही म्हणायच्या आत त्यांनीच सांगितलं, मलाच नव्हे, खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला. "माझा हात थरथरतोय, बघा. आज सोपा दात हाय म्हणून काढतो. अवघड असता तर दुसरीकडं पाठवला असता." चार महिने आधीपासून ते सांगत होते, दवाखाना कधी बंद होणार, पुढं कोणाकडं जायचं. शेवटच्या दिवशी कोणी रडलं नाही. सगळ्यांना सगळं माहीत होतं. मी तेवढी रडले, आणि ते म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं." मग ते हिंडलग्याला गेले. भावाच्या मळ्यात असतात. भाजीला पाणी पाजायच्या आधी भाजीला सांगतात का, कोण जाणे.

मी आता दुसऱ्या दवाखान्यात आहे. तिथला डॉक्टर तरुण आहे, हुशार आहे, हात हलका आहे. पेशंट बसला की म्हणतो, "रिलॅक्स, काही होत नाही." धीर देणाऱ्यांचा बाक इथं नाही.

गेल्या महिन्यात आत्तींची वरची दाढ हलायला लागली. "त्यास्नीच बोलीव," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ते आता काढत नाहीत, हात थरथरतो. चुलीपुढं आम्ही दोघीच होतो, आणि का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं. "आत्ती, ते विसरले नव्हते. मीच नको म्हटलं होतं. रक्ताचं सांगू नका म्हणून मी सांगितलं होतं त्यांना."

आत्तींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या लाकूड पुढं सारत राहिल्या.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "टाका बघाय आलता न्हवं सकाळी? उंबऱ्यातनंच म्हनाला, आक्का, काल मी खोटं बोललो. सुनंनं सांगितलं म्हनून मी गाळलं, खरं ऐकायचं का न्हाय ते माझ्या हातात हुतं. रात्रभर झोपला नव्हता मानूस. तुला काय बोलू नका म्हनून हात जोडले. म्हनून न्हाय बोलल्ये."

इतकी वर्षं पाहुण्यांसमोर त्या इसरभोळा म्हणायच्या तेव्हा कोणाकडं बघून म्हणायच्या, ते मला आत्ता आठवायला लागलं.

"मग तुम्ही मला कधीच कसं..."

"मी कशाला बोलू? वाट बघत हुते. त्यो एका रातीत कबूल झाला. तुला चार वर्सं लागली." आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. मी रडत होते, आणि त्यांनी मला रडू दिलं, काय हुईत न्हाय असं म्हणाल्या नाहीत. मग पदर सारखा करून त्या माझ्याकडं तोंड करून बसल्या, हात मांडीवर. "हं. तुझ्या त्या नव्या डाक्टरकडं जायचं म्हंजे त्यो काय सांगनार न्हाय. तूच सांग आता. काय काय हुनार ते सगळं सांग."

मी डोळे पुसले.

"आत्ती, रक्त येणार," मी म्हटलं.